स्वोर्ड्समधून व्हॅलेटा

७ जून
बाबा नागपूरहून इथे आयर्लंडला, आमच्या स्वोर्ड्सच्या घरी आलेत, आणि आजही त्यांनी माल्टा काढलं! राजधानी व्हॅलेटाची जुनी वस्ती, तिथले लाकडी बंद सज्जे, त्यांना खालून पेलणारे दगडी ब्रॅकेट. नागपूरला पीडब्ल्यूडीत चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन, सगळ्या रेघा टेबलावरच. आता डॉक्टर म्हणालेत, या खेपेनंतर विमान बंद. "एकदा डोळ्यांनी बघू दे, मग झालं."
आमच्या नवरोजींनी, अभिजितनं, एक्सेल शीट केलीय. कोणता सज्जा किती वाजता! सज्जे काय पळून जाणारेत?

१२ जून
गेलं सगळं. विमानतळावर काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, "आयरिश व्हिसा तिकडे चालत नाही, लव्ह." आम्हा दोघांना गेल्या वर्षी आयरिश पासपोर्ट मिळाले, तेव्हापासून व्हिसा हा शब्दच घरातून गेला. आणि बाबांचा भारतातूनच काढायला हवा होता म्हणे!
अभिजित मान खाली घालून – "सॉरी बाबा, माझ्याकडून राहिलं."
राहिलं? शीटमध्ये सूर्यास्ताची वेळ आहे, व्हिसा नाही! तिथेच झाडला त्याला. म्हटलं, आता एकटा जा आणि बाबांना फोनवर सगळं दाखव. गेला बिचारा. बिचारा कसला!

१३ जून
स्वयंपाकघरात बाबा, ड्रॉइंगचा कागद, बरणीला टेकवलेला आयपॅड. पलीकडे उन्हात भाजणारा अभिजित.
"अभिजितराव, वर घ्या. ब्रॅकेट दाखवा."
"हो बाबा. मस्त ग्रीन आहे."
मस्त ग्रीन! साडेचारशे वर्षांच्या शहरावर इंजिनिअरसाहेबांचं मत.
बाबा मला समजावत होते – या सज्ज्यात बसलं की रस्ता दिसतो, रस्त्याला आपण दिसत नाही. म्हणजे आमच्या नागपूरच्या शेजारच्या काकूच!
पाच तास काढत बसले. उताराची गल्ली, पायऱ्या, एकावर एक सज्जे. मग पेन्सिल ठेवली. "दगड भिंतीत किती आत गेलाय ते इथून कळत नाही गं. हात लावायला मिळाला असता तर."
मला रडूच आलं. अभिजितचा असा राग आला!

१७ जून
स्वारी परतली. नाक सोललेलं. मी दारातच – "व्हिसा आहे का घरात यायचा?" हसला नुसता. जेवताना आणखी दोन टोमणे हाणले. मजा येते, खोटं कशाला बोलू. बाबाच शेवटी म्हणाले, "पुरे आता."

२३ जून
सकाळी बाबांचं परतीचं तिकीट शोधताना अभिजितची फेब्रुवारीतली मेल सापडली. 'बाबांना माल्टाचा व्हिसा भारतातूनच काढावा लागेल. तू सांगशील ना त्यांना?' खाली माझं उत्तर – 'हो रे, किती वेळा विचारशील! सांगते.'
विमानतळावर बाबांनी अभिजितच्या खांद्यावर हात ठेवला. "असली कामं केतकीवर सोपवत जा. ती विसरत नाही."
"हो बाबा," अभिजित म्हणाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी बाबांच्या हातात त्यांचं तिकीट दिलं.