हंडीतला विंचू

चिखली, कार्तिक वद्य पंचमी

खामगावहून आले: स्पिरिटची बाटली चौदा आणे, रुंद तोंडाची बरणी सहा आणे. वामनभाऊजींनी नागपूरच्या कॉलेजातून लिहून मागवायला लावले. दिवाळीत त्यांना आपल्या परसात पिवळ्या नांगीची मादी सापडली. कोणत्याच पुस्तकात नाही म्हणे. नर मिळाला तर नवी जात म्हणून लिहिता येईल.

आज गोवऱ्यांत तो सापडला. तशीच पिवळी नांगी, अंगाने सडपातळ. चिमट्याने हंडीत घातला. पण स्पिरिटमध्ये कसा बुडवू? गेल्या साली माझ्या बाळूला विंचू चावला, तेव्हा विष उतरवणाऱ्याने पैसा घेतला नाही. या घरात विंचू मारायचा नाही, एवढे माझ्याकडून देवापुढे वदवून घेतले. बाळू वाचला. मंत्रानेच का, ते मॅट्रिक होऊनही मला सांगता येत नाही. पण शब्द दिला आहे.

हे म्हणाले, "मी टाकतो. शपथ तू घेतलीस, मी नाही." घर तर एकच ना?

सासूबाई हसल्या, "काऊन वं, आता त्याले हंडीतच पोसतं काय?"

पोसते. झुरळे आहेतच. मघाशी पुन्हा झाकण काढून ती पिवळी नांगी पाहिली. भाऊजींचे नाव व्हायचे, आणि मीच आडवी?

उद्या त्यांना लिहीन: आपल्या मरणाने मेला की त्याच दिवशी बरणीत घालून पाठवते. विंचू किती वर्षे जगतो, तेवढे मात्र उलट टपाली कळवा.