पाडव्याचा भाव

लालबाग, २ मे

ती. ताईस,
रघुवीरचा शि. सा. नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहितो.

काल सकाळी दुकान उघडलं, रवळनाथाच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि ओलं फडकं घेऊन पाटीसमोर उभा राहिलो. हिंगाचा भाव पुसायचा होता. हात वर गेला, तसाच खाली आणला. त्या फडक्याने मग काउंटर पुसला.

पाडव्याला लिहिलेला भाव पुढच्या पाडव्यापर्यंत हलवायचा नाही, ही बाबांची रीत. घोडपदेव-परळच्या बायका वर्षाचा मसाला आपल्याकडे कुटायला आणतात, त्या पाटीच्या भरवशावर. पण यंदा गुढीची साखरगाठी संपायच्या आत, हिंगाचे ट्रक यायचे ती सरहद्द बंद झाली. अफगाणिस्तानचा कच्चा हिंग आता इराणच्या बंदरावरून बोटीने येतो. बोटीचं भाडं चढलं, विमा चढला, त्यात डॉलर. मशीद बंदरच्या हितेंद्रशेठना पैसे डॉलरमध्येच चुकवायचे असतात, म्हणून सकाळी सांगितलेला भाव ते संध्याकाळी मानत नाहीत. मी घेतो त्याच्या निम्म्या भावाने विकतो आहे. शेठ म्हणाले, एवढं काय मनाला लावून घेता, हिंगात मैदा थोडा वाढवा, फोडणीला काय कळतंय. मी चहा अर्धा टाकून उठलो.

रुपालीच्या दोन बांगड्या बँकेत गहाण ठेवल्या. ती म्हणते, असंच चाललं तर दिवाळीला बंद शटरलाच हार घालू.

गिऱ्हाईक मात्र खूप. दुपारपर्यंत हिंगाची बरणी रिकामी होते. कधी न पाहिलेले पुरुषही येतात, किलो-किलो नेतात. बाबांच्या रीतीचं नाव इतकं लांब गेलं, याचं बरं वाटतं.

एक काम कर. देवळात जाऊन कौल लाव. भाव बदलू की नको, एवढंच विचार. कौल उजवा पडला तर बदलतो. तुझी माया आहे, म्हणून हक्काने सांगतो.
तुझा रघुवीर


तळवडे, ९ मे

चि. रघूस,
अनेक आशीर्वाद. रुपालीला त्यातले जास्त दे, तिला तुझ्यासोबत राहायचं आहे.

देवळात गेले. गुरवाने कौलासाठी पाकळ्या भिजवल्यासुद्धा. मग मीच त्याला म्हटलं, रवांदे रे, देवाक डॉलराचो भाव इचारूक माका लाज वाटता. नारळ ठेवला आणि घरी आले. रागावू नकोस. शब्द तू देवाला नाही, बायकांना दिला आहेस. त्यांना विचार.

लग्नाआधी मी बाबांच्या शेजारी गल्ल्यावर बसले आहे, विसरू नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पुरुष येतो तो बायकोच्या मिरच्यांचं पोतं उचलायला. मिरची नाही, धणे नाहीत, नुसता हिंग, तोही किलोने? कुठल्या घरात एवढा हिंग खातात रे? त्या पिशव्या कुठे जातात ते बघ, तुझ्या पुण्याईचं नंतर बघू.

आणखी एक. बाबा पाडव्याआधी वर्षाचा हिंग भरून ठेवत, मग भाव लिहीत. तू आणतोस महिन्याचा. रीत अर्धीच उचललीस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया कमी होणार नाही, बोलणीही नाहीत.
तुझी ताई


लालबाग, १८ मे

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र वाचून तुझ्यावर चिडलो होतो. मग रुपाली, मला न सांगता, किलोवाल्या एकाच्या मागे गेली. तो गल्लीच्या टोकाच्या नव्या दुकानात शिरला. आपलाच हिंग तिथे दुप्पट भावाने, छोट्या पुड्यांत. तिच्या बांगड्यांवर मी शेजाऱ्याच्या बरण्या भरत होतो.

त्याच दिवशी घोडपदेवच्या गंगुबाई आल्या. याआधी रिकामी बरणी बघून परत गेलेल्या. मिरच्या उन्हात कडक झालेल्या, डबे घासून पालथे घातलेले, अडलं होतं ते हिंगावर. मी हात जोडून विचारलं, भाव वाढवला तर चालेल का. त्या म्हणाल्या, मेल्या, भाव जुना आणि बरणी रिकामी, मी काय घरी नेऊन पाटी चाटू? वाढवायचा तर तोंडावर सांगून वाढव, मैद्यात लपवून नको. रांगेतल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

आज सकाळी दिव्याच्या आधी पाटी घेतली. पाडव्याचा आकडा ओल्या फडक्याने जातो, पण पाटी वाळली की पुन्हा फिकट दिसतो. दुसऱ्यांदा पाणी मारलं. खरेदीवर आपला खर्च धरून नवा भाव लिहिला. खाली लिहिलं, माल येईल तसा भाव बदलेल, उतरला तर उतरवू. हिंग मसाल्यासोबतच मिळेल, सुटा नाही.

किलोवाले वाचून गेले. दोन बायकाही गेल्या. त्यातली एक म्हणाली, तुझ्या बापाने असं केलं नसतं. ते लागलं. गंगुबाईंनी नेहमीच्या निम्माच हिंग घेतला. यंदा पोरं मिळमिळीत खातील, म्हणाल्या, आणि मसाला कुटून होईपर्यंत पाटीकडे पाठ करून बसल्या.

बांगड्या इतक्यात सुटणार नाहीत. पुढच्या वर्षी माल आधी भरता आला, तरच भाव वर्षाचा लिहीन. लोभ असू दे. देवाला माझा नमस्कार सांग, कौल मात्र विचारू नकोस. पाटी पुसून झाली आहे.
तुझा रघुवीर