मागची मोकळी जागा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, पूर्वी शिवणकाम, आता रिकामी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. राहते घर सामानासकट माझ्या एकुलत्या एका मुलाला. त्याने विकले तरी माझी हरकत नाही. तो दर रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो आणि माझे उत्तर यायच्या आत पुढचे बोलू लागतो. तरी मुलगा चांगला आहे.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री धाकट्या जाऊबाईंना. कात्री त्यांनी कागदाला लावू नये.

३. घरामागची मोकळी जागा मुलाला देत नाही. ती मी शिवणाच्या कमाईतून घेतली आहे, वडिलोपार्जित नाही. त्यामुळे तिचे काय करायचे हा हक्क माझा. "आई, तिथे दहा गाड्या लागतील," असे तो म्हणाला, तेव्हाच मी ठरवले.

पूर्वी मागच्या इमारतीतली मुले भिंतीतल्या लहान दाराने इथे येत. चिखल करत, तुती खात आणि वाळत घातलेल्या कापडांना हात पुसत. मी ओरडत असे, ती हसत. एकदा त्यांच्यातली सगळ्यात लहान, बारकी, तुतीवरून पडली, मनगट मोडले. इमारतीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी ते दार विटांनी बुजवले. मला विचारलेसुद्धा नाही. त्यानंतर तुती खाली पडून काळी होई आणि मी एकटी ती झाडून काढी.

गेल्या वर्षी मी आजारी पडले. इंजेक्शन द्यायला येणारी नर्स बारकीचीच आई निघाली. लेकीला घरी एकटे ठेवता येत नाही म्हणून सोबत आणायची. पोरगी खुर्चीत पाय वर घेऊन बसे.

मी म्हटले, "जा की मागे."

"नको. तिथे घाण असते."

"घाण नाही गं, माती आहे."

तिने आईकडे पाहिले. आता ही नाही म्हणणार, असे मला वाटले. आई सिरिंज भरता भरता म्हणाली, "चप्पल काढून जा, नाहीतर घसरशील."

बारकी उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. मग उतरली. "आजी, गार आहे," एवढेच म्हणाली. माझी औषधे संपली तरी ती येत राहिली. पुढे आईची बदली झाली आणि दोघी गेल्या. घर पुन्हा होते तसे झाले.

म्हणून ही जागा गल्लीच्या टोकाच्या शाळेला. तिथे मैदान नाही. मधल्या सुट्टीत मुले जिन्यावर बसतात. अटी अशा: भिंतीतले दार पुन्हा उघडावे. फरशी घालू नये. माझ्या नावाची पाटी नको. मूल झाडावर चढले तर मोठ्या माणसाने खाली उभे राहावे, ओरडू नये.

४. दारातून निघालेल्या विटा सेक्रेटरींना पोचत्या कराव्यात. त्यांच्याच आहेत.

५. बारकीचा पत्ता लागल्यास तिला कळवावे, की जागा विकलेली नाही.

अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. त्यांनी हो म्हटले आहे.

सही : (शिवणवाल्या काकू)

साक्षीदार : १. शेजारचे घड्याळजी. २. औषधाच्या दुकानातल्या वहिनी. दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : राहते घर. दिनांक : ९ मार्च.

ता. क. साक्षीदारांनी सही करून लगेच उठू नये. चहा ठेवला आहे.