शेवटच्या पानाचा फ्रॉक

ती. ताईस, धाकटीचा नमस्कार.

तेहतीस वर्षांपूर्वी तू मला म्हणाली होतीस, "मेलीस तरी तुझ्या हातात पुन्हा पुस्तक देणार नाही." शब्दाची तू पक्की. मी जिवंत आहे, तरीही दिलं नाहीस. (चूक माझीच. बाहुलीला फ्रॉक हवा होता, मी नऊ वर्षांची होते, आणि तुझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाइतका छान कागद घरात दुसरा नव्हता. त्यावर मी फ्रॉकचं कटिंग केलं. तुझं ते पान वाचायचं राहिलं होतं, हे मला काय ठाऊक?)

तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून शिंकले की खिडक्या हलतात का? आम्ही मजेत आहोत, फक्त घरात एकावर बंदी आली आहे, ते सांगायलाच मशीन बंद करून बसले आहे.

तू जिच्या हातून पुस्तक काढून घेतलंस, तिच्या पोटी वाळवी यावी, हा न्याय कुठला ते तूच सांग. वाळवी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. आता ती त्याच नावाला ओ देते, तीही तिसऱ्या हाकेला, पान संपल्यावर. एका वेळी सात पुस्तकं वाचते. जेवताना एक, वेणी घालून घेताना एक, आणि मी गिऱ्हाइकांची ट्रायल घेत असले की एक, ते मात्र मोठ्याने. दातांच्या डॉक्टरीणबाई अंगावर टाचण्या लावलेला कोट घालून उभ्या होत्या, आणि हिच्या गोष्टीत नेमका विहिरीतून हात वर आला. बाई दचकल्या. पाच टाचण्या एकदम टोचल्या. दुसऱ्यांना "दुखणार नाही" असं रोज सांगणारी बाई केवढ्याने ओरडली! पण जाताना दारात थांबून विचारलंन, "हात कुणाचा होता गं?"

तिचं वाचन मला आवडतं, ताई. मी कापड बेतते, ती वाचते, आणि कधी कधी मशीनच्या आवाजात एखादं वाक्य बुडू नये म्हणून मी पायच थांबवते. शिवण मागे पडते ती अशी. (गिऱ्हाइकांना मी वीज गेली होती असं सांगते. माझं मशीन पायाचं आहे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.)

तर बंदी. सात पुस्तकांना सात खुणा लागतात. मी गिऱ्हाइकांची मापं चिठ्ठीवर लिहून तारेला टोचून ठेवते, हे तुला माहीत आहे. वाळवीने तिथल्याच चिठ्ठ्या खुणेसाठी घेतल्या आणि पुस्तकांबरोबर वाचनालयात परत केल्या. मी घरभर शोधत बसले. आता माझ्या चिठ्ठीवर निव्वळ आकडे नसतात, स्वतःला कळावं म्हणून मी दोन शब्द जास्त लिहिते. हिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "कंबर अडतीस. बाईंना छत्तीस सांगितली आहे. माप देताना श्वास धरतात, कोट सैल ठेवणे."

ती चिठ्ठी भाजीपाला लावण्याच्या पुस्तकात गेली. (भाजीपाला! आमच्याकडे एक कुंडी नाही. पण वाळवीला विषयाशी देणंघेणं नसतं.) आणि मुख्याध्यापिकांनी गेल्या शनिवारी, इतकी पुस्तकं सोडून, नेमकं तेच घरी नेलं. भोपळ्याच्या प्रकरणात त्यांना स्वतःची कंबर सापडली.

सोमवारी चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या. "हे अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर माझंच," मी म्हटलं, "पण टेप जुनी झाली आहे, दोन इंच इकडेतिकडे होतात."

"नाही गं आई," कोपऱ्यातून पुस्तकाआडून आवाज आला, "टेप नवीन आहे. मागच्या महिन्यात तूच आणलीस."

"अशा किती चिठ्ठ्या बाहेर गेल्यात?" बाईंनी तिलाच विचारलं.

"अकरा. पण सगळ्यात मजेदार तुमचीच होती."

बाई तडक वाचनालयात गेल्या. तिथले ग्रंथपाल आता उरलेल्या दहा कंबरा शोधत एकेक पुस्तक झटकताहेत, आणि वाळवीचं कार्ड महिनाभरासाठी त्यांच्या खणात आहे. बाई मात्र परत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "कोट अडतीसचाच शिवा. छत्तीसच्यात मला वर्षभर बसता आलेलं नाही."

आज बंदीचा पाचवा दिवस. वाळवीने मशीनची माहितीपुस्तिका तेल घालण्याच्या सूचनांसकट वाचली. औषधाच्या बाटलीवरचं वाचलं. बाबांच्या शर्टाच्या आतली पट्टी वाचून त्यांना "तुम्ही कोमट पाण्यात धुवायचे आहात" असं कळवलं. हसू येतं, पण काल ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती, आणि मला माझं नववं वर्ष आठवलं. तुझ्यावर राग नाही. सहज आठवलं.

तुझी,
धाकटी

ता. क. वाचायला काही उरलं नाही म्हणून काल संध्याकाळी तिने माझी जुन्या कटिंगची पेटी उपसली. ते पान मी कचऱ्यात टाकलं, असं तुला सांगितलं होतं ना? टाकलं नव्हतं. भीतीने लपवलं, मग लाजेने जपलं. फ्रॉक शाबूत आहे. वाळवीने तो तीनदा वाचला. "वाड्याचा खरा वारस म्हणजे" इथपर्यंत नीट लागतं, आणि पुढचं नाव नेमकं गळ्याच्या गोलात कापलं गेलंय. खालच्या घेरात सगळे रडताहेत, पण आनंदाने, एवढं कळतं.

ता. क. २. तिचं म्हणणं, "सुरुवात मावशीकडे आहे, शेवट आपल्याकडे आहे, तिने पुस्तक पाठवलं तर मी मागचं सगळं वाचून वारस कोण ते शोधून तिला कळवीन." तर ताई, पाठवशील का? नाही म्हणणार आहेस, मला माहीत आहे. मग निदान नाही म्हणणारं पत्र चांगलं लांबलचक लिही, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. पोरीला अजून पंचवीस दिवस काढायचे आहेत.