तांदळात लिहिलेलं नाव

तीर्थरूप आईस, देवळ्याहून योगिनीचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. वकीलबाई चांगल्या आहेत, चहाही पाजला. आजोबांच्या घराच्या कागदांवर तू वत्सला आणि आधारवर कुसुम. त्या म्हणाल्या, "लग्नात तांदळात नवं नाव लिहिलेलं ज्यानं पाहिलं, असा साक्षीदार आणा."

मी भीत भीत मामांनाच विचारलं. तुझा हिस्सा त्यांच्याच घरातून जाणार ना! ते जेवण टाकून माझ्याबरोबर निघाले. वकीलबाईंना म्हणाले, "मी होतो ना तिथं. ताईचं नाव बदलू नका म्हणून लय रडलो, पण कोणी ऐकलं नाय."

गुडघ्याला तेल लावतेस ना? मामा विचारतात, वत्सलाताई घरी कधी येणार?

तुझीच,
योगिनी