रविवारचा प्रश्न

६ जुलै, रविवार
दीपिकाचा फोन आला. पोरगी जर्मनीत एम.एस्सी. फिजिक्स करते, दुसरं सेमिस्टर संपत आलं, पण अडलं की बाप लागतोच. आजचा प्रश्न: सेंटर ऑफ मास आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वेगळे केव्हा पडतात? हे मी लामत्याच्या शाळेत अकरावीला शिकवायचो. पाऊण तास समजावलं. मध्ये एकदाही बोलली नाही, एवढी रंगली होती.

तिकडच्या युनिव्हर्सिटीत बेसिक कच्चं ठेवतात असं दिसतं. बरं झालं मी वेळेवर रिटायर झालो.

साधना म्हणाली, पोरीचा आवाज बसला आहे, जेवली का ते तरी विचारत जा. बायकोला फिजिक्सचं गांभीर्य नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे चारला उठून क्वांटम मेकॅनिक्स. दीपिकाच्या एक चॅप्टर पुढे राहायचं.

७ जुलै
चारला उठलो. लाईट नव्हती. झोपलो.

९ जुलै, सकाळी
सुरुवात केली. दीपिकाने पाठवलेल्या पीडीएफची प्रिंट काढून आणली, पण छपाई भयंकर. कंस धड बंदच होत नाहीत. एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला टोक. कोर्टाजवळचा झेरॉक्सवाला शाई वाचवतो. दोन पानांतले कंस पेन्सिलने पूर्ण केले. आजच्यापुरतं पुष्कळ झालं.

१३ जुलै, रविवार
प्रश्न: सीलिंग फॅन हळू फिरू लागला तर दोष कशात असू शकतो? सोपं. कंडेन्सर. पण फेज डिफरन्सपासून सुरुवात केली, आकृती काढून कॅमेऱ्यासमोर धरली. शेवटी ती म्हणाली, बाबा, कधी कधी वाटते मले हे जमनार नाही. मी म्हणालो, अगं, कंडेन्सर एवढा अवघड नाही. मग लक्षात आलं, ती परीक्षेबद्दल बोलते आहे. लगेच टाइमटेबल करून पाठवलं. झोपेला पाच तास ठेवले. तरुणपणी पुरतात.

फार उकडतंय. हॉलमधला पंखा मरगळला आहे. बघायला हवं.

१६ जुलै
काली पुतली चौकात गजेंद्र भेटला. केमिस्ट्रीचा, माझ्यासोबतच रिटायर झाला. मुलगा उकव्याला माइन्समध्ये लागला म्हणून पेढे वाटत होता. मीही सांगितलं, दीपिकाचा थिसिस जवळजवळ मीच गाइड करतो आहे. थिसिस अजून सुरू झालेला नाही. पण झाला की करणारच, म्हणजे खोटं बोललो असं नाही.

दुपारी साधना रोजच्यासारखी स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर. वारासिवनीची बहीण असणार. तासभर. एवढं काय बोलतात देव जाणे.

२७ जुलै, रविवार
फोन नाही. मागच्या रविवारीही नव्हता. परीक्षा चालू असेल. प्रिंट पान चारवर.

३ ऑगस्ट, रविवार
फोन आला, दोन मिनिटांचा. प्रश्नच नाही! मीच तीन-चार सुचवून पाहिले. नंतर बोलू म्हणाली.

काहीतरी बिघडलं आहे. जेवण गेलं नाही. विचारांती निष्कर्ष: प्रोफेसर लक्ष देत नाही. लामत्याला जो पालक शाळेत येऊन भेटायचा, त्याच्या पोराची वही मी जरा नीट बघायचो. माणूस इथूनतिथून सारखाच.

५ ऑगस्ट
प्रोफेसरला ईमेल केला. इंग्रजी उत्तम उतरलं. मी स्वतः फिजिक्सचा लेक्चरर, रिटायर्ड. मुलगी हुशार, पण नववीपासून मायनसचं चिन्ह विसरते, तिकडे लक्ष असावं. रागवायला माझी पूर्ण परवानगी. कान्हाचे वाघ बघायला सहकुटुंब यावं, गोंदियाला गाडी घेऊन हजर राहीन.

साधनाला सांगितलं नाही. उगाच प्रश्न विचारत बसते.

८ ऑगस्ट
उत्तर आलं! तीन दिवसांत! फार सभ्य माणूस. लिहितो की गोपनीयतेच्या कायद्यामुळे या नावाची कोणी व्यक्ती आमच्याकडे शिकते किंवा शिकत नाही, यांपैकी काहीच सांगता येत नाही. शुभेच्छा.

आहे की नाही, दोन्ही सांगत नाही. हाडाचा क्वांटमवाला दिसतो.

८ ऑगस्ट, संध्याकाळी
'शिकत नाही' असं का लिहिलं?

१० ऑगस्ट, रविवार
फोन नाही. मी लावला, उचलला नाही. फी भरली त्याच्या पावत्या काढून पाहिल्या, शिक्के बरोबर आहेत. पण शिक्क्यांचं काय. पोरांना तिकडे नेऊन वाऱ्यावर सोडणाऱ्या एजंटांच्या बातम्या वाचल्या आहेत. आपण एजंट घेतला नव्हता, तरीही. ती तिथे नसेल तर आहे कुठे?

साधना निवांत भेंडी चिरत होती. आईचं काळीज वगैरे सगळं सांगण्यापुरतं.

गजेंद्रने विचारलं. म्हणालो, कॉन्फरन्सला गेली आहे.

१४ ऑगस्ट
दुसरा ईमेल. या वेळी प्रोफेसर, त्यांचे विभागप्रमुख आणि फॉरेन स्टुडंट ऑफिस, तिघांना. सोबत दीपिकाचा पासपोर्ट, दहावी-बारावीची मार्कशीट आणि माझ्या निरोप समारंभाचा शाल-श्रीफळासह फोटो, म्हणजे माणूस खरा आहे हे कळावं. म्हटलं, फक्त येस किंवा नो लिहा.

१९ ऑगस्ट
दीपिकाचा फोन. मंगळवारी.

रडत होती. म्हणाली, बाबा, तुम्ही असं काहून केलं? मले ऑफिसमध्ये बोलावलं. दार लावून विचारलं, घरच्यांचा तुले काही त्रास आहे का. मी काय सांगू त्यायले? मी म्हणालो, मी तुझ्या भल्यासाठीच. ती म्हणाली, हौ, तुमचं सगळं भल्यासाठीच असते. आणि ठेवला.

नेटवर्क खराब होतं, नीट ऐकू आलं नाही.

संध्याकाळी
नेटवर्क चांगलं होतं.

३१ ऑगस्ट, रविवार
फोन नाही. गेल्या आठवड्यातही नाही. आता चारला आपोआप जाग येते. प्रिंट उघडतो. क्वांटममध्ये ते कंस तसेच असतात, मुद्दाम तसे काढतात म्हणे. नेटवर पाहिलं. पेन्सिल खोडून काढतो आहे.

चौकात जाणं बंद केलं. ऊन फार असतं.

७ सप्टेंबर, रविवार
दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, घर चिडीचूप झालं, आणि स्वयंपाकघरातून दीपिकाचा आवाज आला.

वारासिवनीची बहीण नव्हती. रोज दीपिकाच असायची.

दाराशी उभा राहिलो. एक पेपर फेब्रुवारीत गेला, जुलैत पुन्हा गेला. या महिन्याच्या शेवटी शेवटची संधी. त्यातही गेला तर कोर्स बंद, व्हिसा बंद, घरी परत. ती रडत होती आणि साधना म्हणत होती, आधी भात लाव बाई, मी आहो फोनवर, तू तांदूळ धू.

फोन ठेवल्यावर मी आत गेलो. म्हणालो, फिजिक्सचा पेपर, आणि सांगते तुला? साधना म्हणाली, मले येत नाही म्हणूनच सांगते. तुम्हाले सांगितलं का तुम्ही समजावू लागता.

मी म्हणालो, दर रविवारी मलाच तर विचारायची! साधनाने गॅस बंद केला. म्हणाली, रिटायर झाल्यावर तुम्ही दिवसभर भिंतीकडं पाहत बसत होते. मी तिले रडून सांगितलं. तवा ती म्हणाली, आई, मी दर रविवारी बाबाले काही विचारत जाईन. मग दर शनिवारी ती मले विचारून घेत होती, हा प्रश्न चालते का, बाबाले येईन ना. पंख्याचा मीच सांगितला होता. म्हटलं त्या निमित्तानं तरी तुम्ही पंखा पाहसान.

बाहेर येऊन बसलो. लाईट आली, पंखा फिरू लागला, हळू.

८ सप्टेंबर
पंख्याचा कंडेन्सर बदलला.

२९ सप्टेंबर
आज पेपर. टाइमटेबल पाठवलं नाही. शुभेच्छाही नाही, त्यातही मी काहीतरी सांगू लागलो असतो. दिवसभर अंगणात फेऱ्या मारल्या. साधना म्हणाली, बसा ना एका जागी.

४ ऑक्टोबर
पास! ४.० मिळाले. तिकडे एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर. साधनाकडून कळलं. देवापुढे दिवा लावला आणि आत जाऊन थोडा रडलो, दार लावून.

चौकात गेलो. गजेंद्रला वाटलं चारपैकी चार. मी म्हणालो, नाही रे बापा, काठावर. थिसिसचंही खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, मले माहीत होतं, सर. चहा त्यानेच पाजला.

५ ऑक्टोबर, रविवार
संकल्प: फोन आला तर काहीही समजावायचं नाही.

आला. माझ्याच फोनवर. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, भात ठेवला आहे बाबा, कुकर नाही ना इथं, पातेल्यात लई वेळ लागून राह्यला.

संकल्प आठवला. पण कुकरचं नाव निघालं होतं. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभराच्या वर उकळतं, म्हणून भात लवकर शिजतो, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, असं असते का बाबा? मले माहीतच नव्हतं.

अकरावीच्या सहामाहीला हाच प्रश्न होता. तिने याहून चांगलं उत्तर लिहिलं होतं. पेपर मीच तपासला होता. पूर्ण मार्क दिले नव्हते.