माझ्या चेहऱ्यावरचा हक्क

मी, लोर्ना हॅस्केल, वय एक्क्याऐंशी, कै. व्हर्नन हॅस्केल यांची विधवा, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, धंदा अभिनय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती कोणी घातलेली नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ग्वेन हिला. स्वयंपाकघरातला नळ व्हर्ननने तीनदा दुरुस्त केला होता, म्हणून तो अजून गळतो. आता प्लंबर बोलवावा.

२. पंधराव्या वर्षी माझी शाळा सुटली. पहिल्या चित्रपटात मला एकच वाक्य होते आणि त्यातला एक शब्द मला वाचता येईना. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर विचारले, "बाई, शाळेच्या वाटेने कधी गेला होतात का?" दुसऱ्या दिवशी मी शब्दकोश घेतला. तो आणि बाकीची चारशे पुस्तके नगर वाचनालयाला द्यावीत. दिग्दर्शक वारले, नाहीतर शब्दकोश त्यांनाच पाठवला असता.

३. चित्रपटांत माझा सहा वेळा खून झाला. मग टीव्हीवर नर्स झाले, न्यायाधीश झाले आणि शेवटी सव्वीस वर्षे दुपारच्या एका मालिकेत आई. व्हर्नन तिथेही माझा नवराच होता.

तो गेल्यावर चार महिन्यांनी मालिकेच्या कंपनीची माणसे आली. त्याचा चेहरा आणि आवाज त्यांनी यंत्रात साठवून ठेवला होता. निरोपाचा एक प्रसंग करायचा होता, वारस म्हणून माझी सही हवी होती. चोवीस पाने मी वाचली, शब्द न शब्द समजला, तरी सही केली. मला तो पुन्हा दिसायला हवा होता.

चित्रीकरणात समोर रिकामी खुर्ची आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी काठीवर एक चेंडू. "लोर्नाबाई, चेंडूकडे बघून रडा," सहायक म्हणाली. रडले. पुढे मालिकेत पाहिले, तर खुर्चीत व्हर्नन. त्याचाच कोट, त्याचीच हनुवटी. पण माझ्या व्हर्ननला डाव्या कानाने ऐकू येत नसे. तो माझ्या ओठांकडे बघे आणि क्षणभर उशिरा बोले. हा माझ्या डोळ्यांत बघत होता आणि वेळेवर बोलत होता. तेव्हापासून व्हर्ननला आठवायला गेले की हा वेळेवर बोलणाराच पुढे येतो.

४. माझाही चेहरा त्याच यंत्रात आहे. माझा चेहरा, आवाज आणि चाल यांवरचा हक्क मी ग्वेनला देत नाही. ग्वेन, रागावू नकोस. तुझे माझ्यावर प्रेम आहे, म्हणूनच तू सही करशील. मी केली तशी.

तो हक्क रॉबर्टा केसलिंग हिला मिळावा. मालिकेत ती माझी सावत्र बहीण. कॅमेरा माझ्यावर आला की मुद्दाम हातातली कडी वाजवायची. तिला घरी बोलावून विचारले.

"म्हणजे तुझं थोबाड पुन्हा पडद्यावर आणायचं की नाही, ते मी ठरवायचं?"

"हो. भरपूर पैसे देऊ करतील, रॉबर्टा."

"तुला क्लोजअप मिळावा म्हणून मी सही करू? त्यापेक्षा उपाशी मरेन गं!" मग तिने कप खाली ठेवला. "फार भीती वाटते का तुला?"

मी हो म्हटले. तिने आणखी कॉफी मागितली आणि बसून राहिली.

रॉबर्टाचा नकार तिच्या मृत्यूनंतरही कायम राहावा.

५. हे कलम माझ्याच विरुद्ध आहे. गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. व्हर्नन आणि मी, एका बाकावर शेजारी बसलेले, असा प्रसंग त्यांना हवा आहे. मी नाही म्हटले. फोन ठेवला आणि लक्षात आले, की तो माझ्या कोणत्या बाजूला बसेल याचा मी विचार करत होते.

उद्या मी आजारी असेन, औषधांच्या गुंगीत असेन आणि कोणीतरी पुन्हा विचारील. आजच्या तारखेनंतर मी असा होकार कुठेही दिला, तर सही माझी असली, अक्षर माझे असले, आणि देताना मी हसत असले, तरी तो मानू नये.

हा मजकूर मी दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

लोर्ना हॅस्केल

साक्षीदार:
हेझल ओर्टेगा, शेजारीण
डॅरिल विंगेट, निवृत्त रंगभूषाकार

स्थळ: बरबँक
दिनांक: १४ मार्च २०२४